फळ्याची उजवी बाजू

केशव गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या हातात कात्री होती. गोरेगावच्या बाजारात आमचा सिनेमाचा तंबू पडला होता. दुपारची वेळ, खेळाला अवकाश, आणि मी यंत्राशेजारी सतरंजी अंथरून फिल्मचे तुकडे कापत, चिकटवत बसलो होतो. वसमतचा एक ओळखीचा बांगडीवाला कनात बाजूला करून आत आला, नेहमीसारखा सलाम केला आणि उभाच राहिला. "शेठ, वो अपने मापाडी... परसों गुजर गए. तुमको खबर नहीं?" मला खबर नव्हती. मला कोण सांगणार? आम्हा दोघांचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती आणि ते अख्ख्या वसमतला ठाऊक होतं. मी त्याला बस म्हणालो, चहा मागवला, आणि चहा येऊन गार होईपर्यंत तो तुकडा कात्रीतच धरून बसलो. तो तुकडा मी केशवसाठीच कापत होतो, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

या गोष्टीला आता सव्वा महिना होत आला. पुरवणीच्या संपादकांनी 'दोन शब्द लिहा' असा निरोप धाडला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. माझा धंदा दाखवायचा, लिहायचं काम केशवचं. शिवाय मेलेल्या माणसाबद्दल सगळेच गोड लिहितात, आणि गोड लिहिलेलं केशवला जन्मात पटलं नाही. मी तसं लिहिलं तर तो जिथं असेल तिथून म्हणेल, "बापू, दुधात पाणी घालून राहिलास." म्हणून जसं घडलं तसं लिहितो. यात माझीच शोभा व्हायची आहे. होऊ द्या.

केशव हळदीच्या अडतीवर मापाडी होता. दिवसभर काट्याशी उभं राहायचं, पोत्यामागून पोतं तोलायचं आणि खणखणीत आवाजात वजन पुकारायचं. त्याच्या नखांत, भुवयांत, कानाच्या पाळीत हळद बसलेली असायची. बाजारातले लोक त्याला बारामाही नवरदेव म्हणून चिडवायचे, आणि तो हसून घ्यायचा. पण तोलाबद्दल त्याच्याशी कुणी हुज्जत घालायचं नाही. अडत्याचा माणूस असून अडत्याच्या बाजूला काटा झुकू न देणारा असा मापाडी मी दुसरा पाहिला नाही. मालकाच्या दोन शिव्या रोज खायचा आणि पुढचं पोतं काट्यावर घ्यायचा.

आमची गाठ पडली ती छत्तीस-सदतीसच्या सुमाराला. मोठ्या शहरांत बोलपट येऊन जुने झाले होते, पण माझ्या तंबूत अजून मुक्या चित्रांवरच भागत होतं. इंजिनाची धडधड चालू असायची आणि मी स्वतः पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगायचो. एके दिवशी यंत्र चालवणाऱ्यानं दुसऱ्या रिळाच्या जागी तिसरं लावलं. त्यात नायकाचा बाप मेला, रडारड झाली, अग्नी दिला. मग गडबडीत दुसरं रीळ लागलं, आणि तोच म्हातारा ओसरीवर बसून झकास जेवतोय! तंबूत चुळबुळ सुरू झाली. मला घाम फुटला, पण जीभ आमची चालती. मी ओरडून सांगितलं, "मंडळी, हा मेलेल्याचा जुळा भाऊ! काशीहून आत्ताच आलाय!" लोकांनी टाळ्या पिटल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. खेळ सुटल्यावर सगळे गेले आणि हळदीनं पिवळा झालेला एक किडकिडीत माणूस तेवढा थांबला.

"काहून रे बाबा," तो म्हणाला, "मेलेल्याला भाऊ कुठून काढलास? रिळं उलटी लागली, एवढं सरळ सांगितलं असतं तर आमी काय तुला मारलं असतं का?"

मला राग आला. आणि खरं सांगायचं तर, हसूही आलं. "मग तुम्हीच या उद्या सांगायला," मी म्हणालो. तो खरंच आला. पण पडद्याजवळ उभा राहिला नाही. पहिल्या ओळीत भुईवर बसला, गुडघ्याला मिठी मारून, आणि कालचंच चित्र पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

फळ्याची कल्पना त्याचीच. वितरकाकडून येणाऱ्या जाहिरातीत प्रत्येक चित्र 'अपूर्व' असायचं. एक बरं चित्र मागितलं की वितरक सोबत दोन पडेल चित्रं गळ्यात मारायचा आणि तीही 'अपूर्व'च असायची. चार-पाच कोसांवरून गाडी जुंपून आलेली माणसं फसली की पुढल्या खेपेला तंबूकडे फिरकत नसत. केशव म्हणाला, "तू बोंबलत राहा अपूर्व-अपूर्व. म्या खरं काय ते लिहून ठेवतो. लोकाला बराबर कळलं की लोक येतेत." मी एका जुन्या दाराची फळी घेतली, काजळीत डिंक कालवून काळी केली आणि बाजाराच्या तोंडाशी लिंबाला टांगली. त्यानं सफेद्यानं मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला वर लिहिलं, 'बारदान'. उजव्या बाजूला लिहिलं, 'माल'.

त्याची रीत ठरलेली होती. चित्र दोनदा पाहायचं. पहिल्या दिवशी पाहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार भरायच्या आधी, डावी बाजू लिहायची. त्यात सगळी उणी. उजवी बाजू कोरी. त्या संध्याकाळी पुन्हा पाहायचं आणि तिसऱ्या सकाळी उजवीकडे चांगलं काय ते लिहायचं. मी एकदा वैतागून म्हणालो, "लेका, चांगलं आधी लिही की. धंदा आहे हा." तर म्हणतो, "पोतं आधी भरलेलं तोलावं लागते बापू. मग रिकामं करून बारदान तोलायचं, ते वजा करायचं. राहिला तो माल. पयल्या खेपेला मला बारदानच बोचते. ते लिहून टाकलं की मग दुसऱ्या खेपेला डोळे मोकळे होतेत."

तो काय लिहायचा ते आजही मला तोंडपाठ आहे. 'गाणी नऊ. सात उगीच. राजा बोलताना कुणीकडं पाहतो ते कळत नाही. वाघ शिवलेला आहे.' एवढं डावीकडे. आणि दुसऱ्या दिवशी उजवीकडे : 'आई दिवा विझवते तो प्रसंग चुकवू नये. ती एक शब्द बोलत नाही.' लोकांना या फळ्याची इतकी सवय झाली की उजवी बाजू लिहून होईपर्यंत कुणी चित्राला चांगलं-वाईट म्हणायचं नाही. 'माल लिहिला का?' असं एकमेकांना विचारायचे. एकदा तर कळमनुरीकडची माणसं त्या दिव्याच्या प्रसंगापुरती आली, गपगार बसून तेवढं पाहिलं आणि उठून चालती झाली. मी कपाळाला हात लावला. केशवला मात्र त्याचा असा आनंद झाला की बस्स!

पुढे बोलपट आले, यंत्र नवं घेतलं, पण फळा तोच राहिला. आम्ही दोघं वर्षातून चार-पाच महिने रोज भेटायचो. तो कधी तंबूत फुकट बसला नाही आणि त्यानं कधी माझी भीड धरली नाही. बाकीच्या चित्रांबद्दल त्याचं ऐकून घेणं सोपं होतं, कारण ती चित्रं माझी नव्हती. कुणीतरी मुंबई-पुण्याकडे केलेली. त्यांना शेरे बसले तर माझं काय जात होतं? माझं स्वतःचं चित्र होईपर्यंत मी मोठा उदार माणूस होतो.

वारंग्याच्या फाट्यापासून कोसभर आत सोनबा राहायचा. मेंढरं राखायचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, आणि ढोल वाजवायचा. तसा ढोल मी कुठं ऐकला नाही. एका हातात टिपरू, दुसरा हात उघडा. वाजवता वाजवता तो मध्येच थांबायचा. उघडा हात वर उचलून धरायचा, दोन श्वास, कधी तीन... त्या तेवढ्यात मागच्या कळपातल्या घंट्या ऐकू यायच्या. मग हात खाली यायचा. मला त्याच्याकडे केशवनंच नेलं होतं. परत येताना वाटेत म्हणाला, "हे कुणी चित्रात धरून ठेवायला पायजे. हा म्हातारा गेला की संपलं." ते माझ्या मनात रुतून बसलं. लढाई संपल्यावर कच्ची फिल्म मिळायला लागली तेव्हा मी पुण्याकडचा एक छायाचित्रकार गाठला, त्याला आवाजाच्या सामानासकट इथं आणला आणि सोनबाचं दोन रिळांचं चित्र काढलं. बायकोच्या पाटल्या मोडल्या, ते जाऊ द्या. आमच्या मातीतल्या गाण्या-वाजवण्याचं चित्र, आणि तेही मी केलेलं! मला दोन बोटं स्वर्ग उरला होता.

पुण्याला गेल्यावर कळलं, आवाजात नुसता वारा भरलाय. ढोल खोल कुठंतरी. छायाचित्रकार म्हणाला, काळजी करू नका, इथला एखादा वाजवणारा बसवू, चित्राकडे बघून वाजवेल. मी हो म्हणालो. तिथल्या माणसानं वाजवलं छान, पण त्याला थांबणं जमेना. सोनबाचा हात वर उचललेला आणि ढोल आपला वाजतोच आहे. मी ते तिथंच पाहिलं होतं. पाहिलं आणि मनाशी म्हणालो, तंबूतल्या लोकांना काय कळतंय! दहा वर्षांपूर्वीचा तो जुळा भाऊ माझ्यातून काही गेला नव्हता.

वसमतला पहिला खेळ झाला तेव्हा सोनबाला पुढं खुर्ची मांडली होती. तो भुईवरच बसला. चित्र संपल्यावर मी हरखून विचारलं, "कसं वाटलं, बाबा?" तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बरं झालं बाप्पा. माझी मेंढरं दिसली." ढोलाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, आणि मी एवढा मूर्ख की ते कौतुक समजून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली गर्दी. डाव्या बाजूला केशवचं अक्षर : 'हात सोनबाचे आहेत, आवाज सोनबाचा नाही. तो जिथं थांबतो तिथं हा वाजवतो. हात वर आणि ढोल चालू. हे खोटं आहे आणि करणाऱ्याला ते माहीत होतं.'

शेवटच्या तीन शब्दांनी माझं डोकं फिरलं. खरं होतं म्हणून फिरलं. मी गर्दीत घुसलो आणि फळा ओढून काढला. केशव तिथंच होता, हातात खडू, अडतीवर निघालेला. तो शांतपणे म्हणाला, "बापू, अर्धंच झालंय. उद्या—"

"उद्या-बिद्या काही नाही! आजपासून माझ्या तंबूत पाय ठेवायचा नाही!"

"दुसऱ्यांदा बघू तर दे."

"नाही म्हणजे नाही!"

शंभर माणसांसमोर मी त्याला असं बोललो. त्या संध्याकाळी तंबू गच्च भरला. सगळे तो वर उचललेला हात बघायला आलेले, आणि हात दिसला की हशा पिकायचा. केशव तिकीट काढून दाराशी आला तेव्हा मीच त्याला हात आडवा घातला. तो मागे फिरून कनातीच्या बाहेर उभा राहिला आणि चित्र संपेपर्यंत नुसता आवाज ऐकत राहिला. जे खोटं होतं तेवढंच त्याच्या वाट्याला आलं. खरं होतं ते आत पडद्यावर, आणि मधे माझी कनात. हे मला आज कळतंय. तेव्हा मी बाहेर डोकावून पाहिलं आणि म्हणालो, बरी खोड मोडली!

मग पोलीस ॲक्शनच्या आधीची ती मारझोडीची धामधूम सुरू झाली. रस्त्यावर माणूस निघेना, खेळाला इजाजत मिळेना. मी तंबू गुंडाळून बायकापोरांसह वऱ्हाडात सासऱ्याकडे जाऊन राहिलो. फळा सामानाबरोबर आला. यंत्र डगमगू नये म्हणून मी तो यंत्राखाली घातला होता, पालथा. सोनबा त्या उन्हाळ्यातच वारला, असं तिकडे असताना ऐकलं. केशवला पत्र टाकावं असं तेव्हा वाटलं होतं... टाकलं नाही. पोलीस ॲक्शन झाली, वाटा मोकळ्या झाल्या, आम्ही परतलो, आणि दिवाळीनंतर एका गाडीवानाबरोबर यमुनावहिनींचा, केशवच्या बायकोचा, निरोप आला. 'त्यांना खोकल्यानं धरलंय. उठवत न्हाई. भाऊजींना म्हणावं, ते सोनबाचं चित्र एकदा दाखवा.'

तेव्हाच निघायला पाहिजे होतं. एक दिवसाची वाट. पण माझ्या डोक्यात काय आलं? हा पुन्हा बघणार, पुन्हा तेच बोट ठेवणार. मरायला टेकलेल्या माणसासमोरसुद्धा मला माझं चित्र निर्दोष दाखवायचं होतं, अशी माझी मिजास! 'आठ दिवसांत येतो' असा निरोप धाडला आणि कात्री घेऊन बसलो. जिथं जिथं हात वर थांबलाय तो प्रत्येक तुकडा कापायचा. कापलं की कडेची आवाजाची पट्टीही जाते, चूक उरतच नाही. अकरा जागा होत्या. आठाचे बारा दिवस झाले. अकरावा तुकडा कात्रीत होता तेव्हा बांगडीवाला आला.

मी तसाच वसमतला गेलो. का कोण जाणे, रीळ आणि कापलेल्या तुकड्यांचा डबा दोन्ही पिशवीत होते. केशवच्या घरी ओसरीवरच्या भिंतीला नुकता चुन्याचा हात दिलेला. वहिनी म्हणाल्या, "तुमच्यासाठीच पोतारून घेतली. वर धोतर बांधू म्हणले पडद्याला, नवंच्या नवं धुऊन ठेवायला लावलं. तेच शेवटी अंगावर घातलं." त्या रडत नव्हत्या. मीच रडत होतो. "भाऊजी, ते रागात न्हवते तुमच्यावर. एवढंच म्हणायचे, बापूनं मला माल तोलूच दिला न्हाई."

"काय लिहिणार होता तो, वहिनी? काही बोलला का?"

"मला त्यातलं काय कळते? त्या हाताचं म्हणायचे. सोनबा हात उचलून थांबतो नव्हं, ते बापूनं लई बराबर धरलंय म्हणायचे. आवाज जाऊ दे खड्ड्यात, म्हातारा गेला तरी त्याचं थांबणं ऱ्हायलं. पण पक्कं दुसऱ्यांदा बघूनच लिहितो म्हणायचे. एकदा बघून न्हाई लिहीत मी."

पिशवीतला डबा माझ्या मांडीवर होता. त्यात ते अकरा हात होते. मी कापलेले.

तेराव्याच्या आत मी ते सगळे तुकडे पुन्हा जागच्या जागी चिकटवले. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चौदाव्या दिवशी त्याच भिंतीवर चित्र लावलं. पाहायला वहिनी, अडतीवरचे चार हमाल आणि शेजारपाजार. हात वर उचलला गेला की मी यंत्राचा आवाज बंद करायचो आणि हात खाली आला की सुरू. इतकं सोपं होतं ते. दोन वर्षांपूर्वी तो तंबूत माझ्या शेजारी बसला असता तर त्यानंच सांगितलं असतं, "आवाज बंद कर की लेका तेवढा वेळ." आवाज बंद झाला की कुणी हसलं नाही. रस्त्यानं एक बैलगाडी जात होती, तिच्या घुंगरांचा आवाज तेवढा आला.

आता फळा यंत्राखालून काढून पुन्हा टांगायला घेतलाय. त्याचं खडूनं लिहिलेलं सगळं पुसून गेलंय, सफेद्याची रेघ आणि वरचे ते दोन शब्द तेवढे शाबूत आहेत. डाव्या बाजूला, 'बारदान'खाली, हल्ली मीच लिहितो. पहिलं लिहिलं ते माझ्याच चित्राबद्दल : 'आवाज सोनबाचा नाही. करणाऱ्याला हे माहीत होतं.' लोक वाचतात आणि सवयीनं विचारतात, माल कधी लिहिणार? उद्या, असं मी सांगतो. उजव्या बाजूला काय लिहायचं ते मला आता ठाऊक आहे, वहिनींनी सांगितलंय. दोनदा खडू उचललाही. पण ती बाजू ज्यानं दुसऱ्यांदा पाहिलंय त्यानं लिहायची, आणि त्याला दुसऱ्यांदा पाहू दिलं नाही ते मी. रोज सकाळी बाजार भरायच्या आधी मी त्या कोऱ्या अर्ध्यावरून ओलं फडकं फिरवतो आणि खडू खाली ठेवून देतो.